पाय खाली होता

असं समजा, तुमच्या दप्तरात एक वही आहे आणि ती आपोआप लिहिते. तुम्ही किती वाजता उठलात, कुठे धावलात, कुठे अडखळलात, जिना उतरताना कठड्याला हात होता की नव्हता, सगळं तिच्यात क्षणाक्षणाला उतरतं. दप्तर तुमचं, वहीही तुमचीच. पण वहीला कुलूप आहे आणि किल्ली दुसऱ्या शहरातल्या एका कचेरीत आहे. एक दिवस तुमच्यावर आळ येतो. तुम्ही म्हणता, वही उघडा, खरं काय ते तिच्यात आहे. कचेरीतली माणसं म्हणतात, आम्ही वाचली, चूक तुमचीच आहे. तुम्ही म्हणता, मग मलाही दाखवा. ते म्हणतात, तसा नियम नाही.

कसं वाटेल, याचा थोडा विचार करा. घाई नाही. झाला विचार? आता वहीच्या जागी विजेवर चालणारी मोटार ठेवा आणि तुमच्या जागी प्रज्ञा नावाची एक बाई. तिची मुलगी अवनी तुमच्याच वयाची आहे, सहावीत. ही गोष्ट तिचीही आहे.

आम्ही सगळे जयपूरला, खातीपुऱ्यात, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो. माझा मुलगा रेल्वेत आहे, मी निवृत्त. वसाहतीत मराठी घरं सात-आठ. त्यांची मुलं संध्याकाळी माझ्याकडे मराठी वाचायला येतात आणि मला गुलाबआबा म्हणतात. अक्षरं त्यांना हिंदीमुळे येतातच, पण अर्थ कुठे घसरेल याचा नेम नसतो. एकदा धड्यात 'त्याला शिक्षा झाली' असं आलं, तर एकाने विचारलं, मतलब त्याला शाळेत घातलं का? मी म्हणालो, इकडे शिक्षा म्हणजे शाळा, तिकडे शिक्षा म्हणजे मार. त्यावर अवनी म्हणाली, "आबा, आमच्या शाळेत दोन्ही एकच आहे." अशी ती बोलायची.

तिचे वडील नीरज रेल्वे इंजिन चालवतात. लग्न होऊन प्रज्ञा अकोल्याहून इथे आली त्याला तेरा वर्षं झाली, तरी तिची हिंदी अडते. भाजीवाल्याशी ती झटकन बोलते, कचेरीत मात्र जीभ जड होते. अशा वेळी ती अवनीला पुढे करते. जवाहर नगरच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासण्याचं काम करते. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मागच्या वर्षी तिने गाडी शिकून घेतली आणि ही विजेची गाडी घरात आली. तिच्या माहेरी गाडी चालवणारी ती पहिली बाई. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण धुतलेली गाडी पुन्हा पुसताना मी तिला पाहिलं आहे.

मार्चमधल्या एका गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ती अवनीला शाळेतून घेऊन येत होती. वसाहतीतल्या पंपघराशी रस्ता उताराचा आहे. तिथे शेजारच्या द्वारकाबाई हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. गाडी थांबली आणि पुन्हा पुढे गेली. द्वारकाबाई बंपर आणि पंपघराची भिंत यांच्यात सापडल्या. त्यांचं नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

आवाज ऐकून मी पोचलो तेव्हा प्रज्ञा जमिनीवर बसून द्वारकाबाईंचा पाय दोन्ही हातांनी धरून होती आणि एकच वाक्य बोलत होती, "मी ब्रेक दाबला होता. मी ब्रेक दाबला होता हो." अवनी पुढच्या सीटवर तशीच बसलेली. त्या कोपऱ्यावर कॅमेरा नाही. पाहणारं दुसरं कोणी नव्हतं.

द्वारकाबाईंना दवाखान्यात नेल्यावर नाक्यावरचा परेश आला. त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे हातात मावेल असं एक यंत्र असतं. गाडीच्या स्टिअरिंगच्या तळाशी एक खाच असते, तिच्यात यंत्राच्या वायरीची पिन घातली की गाडीच्या मेमरीत कुठला दोष नोंदला आहे ते पडद्यावर दिसतं. गाडीचा डॉक्टर तिची नाडी इथे पाहतो, असं समजा. परेश म्हणाला, "बाबूजी, अभी लगा दूँ? दो मिनिट का काम है."

मी त्याला नको म्हणालो.

ते का, हे तुम्हाला सांगायला हवं. मी एकतीस वर्षं विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये होतो. इंजिन कुठे आदळलं, अडलं, की आमचा पहिला नियम ठरलेला: कोणी हात लावायचा नाही. इंजिन शेडमध्ये आणायचं, आधी त्याची मेमरी उतरवून घ्यायची, दोन प्रती काढायच्या आणि ड्रायव्हरला समोर बसवून वाचायची. ब्रेक कितव्या सेकंदाला लागला ते त्यालाही दिसतं. मग त्याची सही. माझ्यासमोर कितीतरी ड्रायव्हर त्या कागदाने सुटले आणि काही अडकले, पण वाचायला न मिळता कोणीही अडकला नाही. मला वाटलं, गाडी बनवणाऱ्यांचंही तसंच असणार. मी नीरजला फोनवर सांगितलं, कोणाला हात लावू देऊ नकोस, गाडी सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ दे. तोही रेल्वेचाच माणूस. त्याला ते लगेच पटलं. परेश वायर गुंडाळून खिशात घालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी टोंक रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी उचलून नेली. नीरज ड्यूटीवर होता, म्हणून प्रज्ञा, अवनी आणि मी गेलो. गाडी कुठे नेतात, कोण हात लावतो हे पाहायला मी मागच्या आवारात गेलो. जुनी सवय. इंजिनाच्या मागे जायचं, साहेबाच्या मागे नाही. त्यामुळे काउंटरवर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. परत आलो तेव्हा तिथला तरुण मुलगा संगणकावर टाइप करून मोकळा झाला होता आणि प्रज्ञा जॉब कार्डवर सही करत होती. जॉब कार्ड म्हणजे गाडीबरोबर आत जाणारा कागद, त्यावर ग्राहकाची तक्रार लिहिलेली असते. मी विचारलं, सगळं नीट सांगितलंस ना? ती म्हणाली, अवनीने सांगितलं, शब्दाला शब्द.

आठ दिवसांनी गाडी परत आली, धुतलेली. तिच्याबरोबर इंग्रजीत एक पत्र होतं. त्याचा मतलब असा: वाहनाची तपासणी केली. कोणताही दोष आढळला नाही. घटनेच्या वेळी चालकाचा पाय कोणत्याही पेडलवर नव्हता, त्यामुळे उतारावर वाहन पुढे सरकलं. पुढे एक समजुतीचं वाक्यही होतं. विजेच्या गाडीत नुसता पाय उचलला तरी वेग कमी होतो, त्यामुळे नव्या चालकांची ब्रेक दाबायची सवय सुटते.

नीरजने ते पत्र तीनदा वाचलं. मी त्याच्या घरी बसलो होतो. तो प्रज्ञाला काही बोलला नाही, माझ्याशी बोलला. म्हणाला, "आबा, मेमरी खोटं बोलत नाही. तुम्हीच म्हणता ना?"

मी म्हणतो खरा.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रेल्वेत इंजिन चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, म्हणून नळावर बायका प्रज्ञाला पायलटबाई म्हणू लागल्या. एका घरात दोन पायलट आणि ब्रेक एकालाच माहीत, असं कोणीतरी म्हणालं आणि ते वसाहतभर झालं. प्रज्ञाने गाडीची किल्ली कपाटात ठेवून दिली. दोन बस बदलून ती जवाहर नगरला जाऊ लागली, सकाळी साडेसहाला निघायची. ती कोणाशी भांडली नाही. विचारलं की तेवढंच सांगायची, मी ब्रेक दाबला होता. दहाव्यांदा सांगितलेलं खरं पहिल्यांदा सांगितलेल्या खोट्यासारखं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

द्वारकाबाई प्लास्टरमध्ये पडून होत्या. त्यांचं आणि प्रज्ञाचं चांगलं होतं. प्रज्ञाच्या बाळंतपणात त्यांनीच तिला तेल लावलं होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "मला काही नको, गुलाबराव. तिने एकदा माझ्यासमोर येऊन चुकलं म्हणावं. ती म्हणते, गाडीने केलं. गाडीचं आणि माझं काय वैर होतं?" पोलिसात जायचं का, असं त्यांचा मुलगा दोनदा विचारून गेला होता. त्या थांबल्या होत्या, पण फार दिवस थांबणार नव्हत्या.

नीरजने मग मार्ग काढला. एका कागदावर त्याने स्वतःच्या हाताने हिंदीत लिहिलं, की गाडी चालवताना माझा पाय ब्रेकवर नव्हता, चूक माझी आहे, यापुढे मी गाडी चालवणार नाही. रविवारी द्वारकाबाईंच्या घरी जायचं, त्यांच्यासमोर प्रज्ञाने सही करायची, आणि त्या पोलिसात जाणार नाहीत. प्रज्ञा नाही म्हणाली. तो म्हणाला, रविवारपर्यंत विचार कर.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, अवनी ते इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आली. बाकीची मुलं खेळायला गेली होती. तिला पत्राचं मराठी करायचं होतं, आईला नीट वाचता यावं म्हणून. मी म्हणालो, तू वाच, शब्द अडला तर मी सांगतो. तिने पहिलं पान केलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. घरातल्या कोणीही ती वाचली नव्हती, मीही नाही. अवनीने वाचली, कारण तिला पूर्ण पानाचं मराठी करायचं होतं.

ती ओळ अशी होती: चालकाच्या पायाच्या स्थितीबाबत आधार, जॉब कार्डवरील ग्राहकाचं निवेदन.

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे पाय पेडलवर नव्हता, हे गाडीने सांगितलं नव्हतं. कंपनीने गाडीला विचारलंच नव्हतं. ते त्यांना प्रज्ञाने सांगितलं होतं, असं पत्र म्हणत होतं.

जॉब कार्डची प्रत मागे टाचलेली होती. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलेलं. अवनीने वाचलं, "मॅडम का कहना है, पैर खाली था, पूरा खाली." मग म्हणाली, "हे तर मीच बोलले होते."

"आई काय म्हणाली होती?"

"हेच. पाय खाली होता, पूर्ण खाली."

मी तिला म्हणालो, माझ्या हातातलं हे पुस्तक खाली ठेव. तिने ते जमिनीवर ठेवलं. मग म्हणालो, आता तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, गिलास खाली है, तर तू काय करशील? ती म्हणाली, पाणी भरून आणेन. म्हणाली आणि जमिनीवरच्या पुस्तकाकडे पाहू लागली.

तुम्हाला कळलं असेल. अवनी दोन्ही शब्द रोज वापरत होती. घरात खाली म्हणजे तळाशी, शाळेत खाली म्हणजे रिकामं. दोन्ही शब्द तिला पक्के येत होते, फक्त कोणी त्यांना कधी शेजारी उभं केलं नव्हतं. आई म्हणाली होती, पाय पार तळापर्यंत दाबलेला होता. काउंटरवरच्या मुलाने ऐकलं, पाय रिकामा होता, कशावरच नव्हता. शब्द तोच, आवाज तोच. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला ते सोयीचं होतं, की रांगेत आणखी दहा माणसं उभी होती म्हणून, हे मी सांगू शकत नाही.

आणि मी, ज्याने या पोरांना शिक्षा शिकवली, खाली कधी शिकवला नव्हता.

अवनी रडली नाही. तिने विचारलं, "आबा, पण गाडीला तर माहीत आहे ना?"

आम्ही परेशकडे गेलो आणि त्याला गाडीपाशी घेऊन आलो. अवनीने कपाटातून किल्ली आणली. परेशने पिन खाचेत घातली. पेट्रोलच्या गाड्यांमध्ये काही माहिती कोणत्याही यंत्राला दाखवावीच लागते, असं त्याने अवनीला सांगितलं. ते नियम इंजिनाच्या धुरासाठी केलेले. या गाडीत ना इंजिन ना धूर, मग दाखवायची सक्तीही नाही. बॅटरीचा आणि ब्रेकचा कप्पा कंपनीच्या कुलपात असतो, तो त्यांच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. पण दोष नोंदले असते तर निदान त्यांचे आकडे तरी दिसले असते. पडद्यावर शून्य दोष होते. खाली आणखी एक ओळ होती, नोंदी पुसल्यापासून गाडी किती चालली. एकोणीस किलोमीटर.

टोंक रोडच्या सर्व्हिस सेंटरपासून आमच्या पंपघरापर्यंत एकोणीस किलोमीटर होतात.

 अपघाताच्या संध्याकाळी हेच दोन मिनिटांचं काम होतं. परेशने वायर गुंडाळली आणि अवनीच्या डोक्यावर टपली मारून गेला.

शनिवारी आम्ही दोघं टोंक रोडला गेलो. काउंटरवरचा तो मुलगा नम्र होता, त्याने पाणी दिलं, अवनीला चॉकलेट दिलं. तिने ते टेबलावरच ठेवलं. त्याने जे सांगितलं ते असं. आलेल्या प्रत्येक गाडीत ते नवं सॉफ्टवेअर भरतात आणि जुन्या नोंदी पुसतात, ग्राहकाला समोर लाल दिवे दिसू नयेत म्हणून. वो तो रूटीन है, अंकल. पुसण्याआधी प्रत ठेवता का? ती त्यांना ठेवता येत नाही. पण गाडी चालताना काही माहिती आपोआप कंपनीच्या मुख्य संगणकाकडे जाते. ती तिथे असेल. कोणाला मिळते? पोलिसांनी किंवा कोर्टाने मागितली तर. मालकाला? मालकाला नाही. आणि जॉब कार्डवरचा शब्द बदलता येईल का? कार्ड बंद झालं होतं, त्यावर मॅडमची सही होती.

अवनीने त्याला हिंदीत समजावलं, आईचा खाली वेगळा होता. तो हसला, वाईट हसला नाही. म्हणाला, "बेटा, मैंने तो वही लिखा जो आपने बोला."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. दुर्गापुरा गेल्यावर म्हणाली, "आबा, पोलिसांनी मागितलं तरच मिळणार. पोलीस कधी मागणार?"

मी म्हणालो, केस झाली तर.

"मतलब, द्वारकाआजींनी मम्मीवर कंप्लेंट केली तरच?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नीरज ज्या कागदावर सही घेणार होता तो कागद तक्रार थांबवण्यासाठी होता. तक्रार थांबली की त्या दूरच्या संगणकातली नोंद कोणीही मागणार नव्हतं. आईला वाचवणारा कागद तिला कायमचं दोषी ठरवणार होता आणि तिला सोडवू शकेल अशी गोष्ट तिच्यावर केस झाल्यावरच मिळणार होती. मिळाली तरी तिच्यात काय निघेल, कोणाला ठाऊक. ब्रेक दाबलेला निघेल किंवा नाही निघणार. मी प्रज्ञावर विश्वास ठेवतो, पण मी यंत्रांत आयुष्य काढलेला माणूस आहे, पाहिल्याशिवाय शपथ घेणार नाही. निदान कोणीतरी पाहायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

घरी काय सांगायचं ते मी सांगतो, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, नको, उद्या सगळ्यांसमोर मी सांगते, मी बोलले होते.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही द्वारकाबाईंच्या खोलीत जमलो. त्या पलंगावर, पायाखाली दोन उशा. नीरजने जय भीम केला आणि खुर्ची ओढून बसला. प्रज्ञा दाराशी उभी राहिली. चहा आला. कोणी कप उचलला नाही, मग मी उचलला, कारण कोणीतरी उचलायला हवा होता. नीरजने कागद स्टुलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं.

तेव्हा अवनी बोलली. तिने सगळं सांगितलं, घाईघाईने, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. खालीचा अर्थ, जॉब कार्ड, पत्रातली तळाची ओळ, एकोणीस किलोमीटर. मधूनच ती चुकली आणि पुन्हा मागून सुरू केलं. शेवटी म्हणाली, "मम्मीने दाबला होता म्हणून सांगितलं. मी चुकीचं सांगितलं."

प्रज्ञा तिच्याकडे पाहत राहिली. तिला हे आत्ताच कळत होतं. आपलं वाक्य आपल्याच विरुद्ध कसं गेलं, हे तिला पोरीच्या तोंडून ऐकावं लागलं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरीला छान पढवून आणलंय."

मी मध्ये पडलो. सांगितलं की पत्रातली ओळ मी स्वतः पाहिली आहे, गाडीच्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत, आणि गाडी तिकडे पाठवायचं मीच सांगितलं होतं, चूक असेल तर माझी धरा. द्वारकाबाई म्हणाल्या, गुलाबराव, तुम्ही लहान मुलांत बसून लहान झालात. हे त्या प्रेमाने म्हणाल्या, त्यामुळे जास्त लागलं.

 नीरज पत्राची प्रत उलटून पाहत होता. तळाची ओळ त्याने वाचली, तेव्हा त्याचं बोट त्या ओळीवर थांबलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता तो कागद उचलेल आणि फाडेल. त्याला रेल्वे माहीत होती. न वाचलेल्या मेमरीवर कोणाला दोषी धरत नाहीत, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

त्याने मान वर केली आणि अवनीकडे पाहिलं. "म्हणजे महिनाभर हे सगळं तुझ्यामुळे चाललंय?" तो म्हणाला. "एक वाक्य नीट सांगता येत नाही तुला? बारा वर्षांची होशील आता."

 अवनीचे कान लाल झाले.

"तिला काही बोलू नका," प्रज्ञा म्हणाली. दाराशी उभी होती ती सरळ पलंगापर्यंत आली. वाकली, पेन उचललं आणि नीरजच्या अक्षरांच्या शेवटी, जिथे त्याने जागा सोडली होती तिथे, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. महिनाभर जिने चूक कबूल केली नव्हती तिने ती सही पाच सेकंदांत केली. मग म्हणाली, "झालं. आता तिला काही बोलायचं नाही."

द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना वाटलं, प्रज्ञाने अखेर कबूल केलं. त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी त्या सहीत ऐकलं. त्या म्हणाल्या, बस गं, इथे बस माझ्याजवळ. नीरजने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि गार झालेला चहा तोंडाला लावला.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिचा चेहरा लॅबमध्ये बाटलीवर लेबल लावताना असेल तसा होता. स्वतःवरचा आणि पोरीवरचा अशा दोन दोषांमधून तिने एक उचलला होता आणि तो हलका नव्हता.

अवनी स्टुलापाशी गेली. मला वाटलं, ती कप उचलायला गेली. तिने पेन उचललं. नीरज म्हणाला, ठेव ते. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही लिहीत राहिली. सही झाल्यावर जी चार बोटं कोरी जागा उरली होती तिच्यात तिने हिंदीत लिहिलं, सावकाश, एकेक काना-मात्रा नीट देत:

मम्मी का पैर ब्रेक पर दबा हुआ था। मैं बगल में बैठी थी। काउंटर पर गलत शब्द मैंने बोला। अवनी, कक्षा छह।

मग तिने तो कागद स्टुलावरून उचलला. वडिलांना दिला नाही, आईला दिला नाही. पलंगाशी जाऊन तो द्वारकाबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही मम्मीवर कंप्लेंट करा."